दुर्बिणीची रायफल आणि खोडलेला नंबर

(वाचकांचे प्रश्न : जुनी हत्यारं)

प्रश्न : नोकरीनिमित्त मी इंग्लंडात लीड्सला असतो. गेल्या हिवाळ्यात एका लिलावात ‘नंबर चार मार्क वन टी’ ही दुसऱ्या महायुद्धातली स्नायपर रायफल घेतली. ती कायद्याप्रमाणे निकामी केलेली आहे, तसं सर्टिफिकेटही आहे. विकणाऱ्याचं म्हणणं असं की ही हॉलंड अँड हॉलंडने तयार केली आणि नॉर्मंडीच्या लढाईत वापरली गेली. बॉडीवर ‘एम ४७ सी’, साल १९४४, ‘टीआर’ आणि ‘टी’ असे ठसे आहेत. बटाच्या खालच्या अंगाला ‘एस ५१’. दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर रायफलचाच नंबर आहे. घोटाळा पुढे आहे. बटाच्या मानेवर दोन नंबर आहेत, त्यातला पहिला रेघ मारून खोडलाय, आणि आत्ता जी दुर्बीण बसवली आहे तिचा नंबर या दोन्हींशी जुळत नाही. दुर्बिणीवर ‘नंबर ३२ मार्क थ्री, ओ.एस. २०३९ ए, ए.के. अँड एस., १९४५’ असं कोरलंय. मित्र म्हणतात, तू फसलास. खरं काय? — एक वाचक, लीड्स

उत्तर : मित्रांना म्हणावं, जरा दम धरा. तो खोडलेला नंबर मला तुमच्या रायफलवरच्या सगळ्या ठशांत जास्त भरवशाचा वाटतो.

आधी ठसे वाचू. युद्धात शत्रूला कारखान्याचा पत्ता लागू नये म्हणून ब्रिटिश सरकारने कारखान्यांना नावाऐवजी सांकेतिक क्रमांक दिले. ‘एन’ म्हणजे उत्तरेकडचा, ‘एम’ म्हणजे मधल्या पट्ट्यातला, ‘एस’ म्हणजे दक्षिणेकडचा. ‘एम ४७ सी’ हा बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) या बंदूक कंपनीच्या बर्मिंगहॅमजवळच्या शर्ली कारखान्याचा. ‘एस ५१’ लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडचा. म्हणजे तुमची रायफल शर्लीत जन्मली आणि लंडनमध्ये तिचा स्नायपर झाला.

शर्लीत रोज रायफली बनत. त्यांतल्या ज्या चाचणीत अचूक निघत त्या वेगळ्या काढून त्यांच्यावर ‘टीआर’ मारत आणि त्या लंडनला पाठवत. हॉलंडच्या माणसांनी बॉडीच्या डाव्या अंगाला दुर्बिणीचं ब्रॅकेट धरणारे दोन पॅड बसवले, बटावर गालाला टेकायला लाकडी उंचवटा स्क्रूने जोडला, लाकूड बॉडीशी पुन्हा जुळवलं, दुर्बीण नळीच्या रेषेत आणली. मग रायफल मैदानावर गेली. दोनशे यार्डांवर सातपैकी सातही गोळ्या पाच इंचांच्या वर्तुळात, आणि चारशे यार्डांवर सातपैकी सहा दहा इंचांच्या वर्तुळात पडल्या, तरच ती पास. पास झाली की ‘टी’.

आता नंबरांची भानगड. या रायफलमध्ये दुर्बीण आणि रायफल ही जोडी ठरलेली असे. एकीची दुर्बीण दुसरीवर चढवली तर नेम नव्याने बांधावा लागणार. म्हणून रायफलचा नंबर ब्रॅकेटवर मारत, आणि दुर्बिणीचा नंबर बटाच्या मानेवर, वरच्या बाजूला, गाल टेकवताना अगदी डोळ्यांसमोर येईल असा. दोघी मिळून लाकडी पेटीत, त्या पेटीत दुर्बिणीचा वेगळा पत्र्याचा डबा. पण युद्ध आहे. दुर्बीण पडते, आत दव धरतं, काच सैल होते. मग कार्यशाळेतला आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, दुसरी दुर्बीण त्याच ब्रॅकेटमध्ये बसवतो, नेम जुळवतो, आणि बटावरचा जुना नंबर रेघ मारून खोडून शेजारी नवा ठोकतो. घासून साफ करत नाही, खोडतो. रजिस्टरात चूक झाली तर खाडाखोड वाचता आली पाहिजे, हा जो नियम आम्हाला पोलीस शस्त्रागारात होता, तोच इथेही.

तुमच्या रायफलला निदान तीन दुर्बिणी लाभल्या असं यावरून दिसतं. पहिल्या दोन सरकारी नोकरीत. तिसरी, जी आज आहे, तिचा नंबर बटावर कुणी ठोकलाच नाही. याचा अर्थ बहुधा असा की ती नोकरी संपल्यावर चढली. विकून टाकताना पेट्या, ब्रॅकेट, दुर्बिणी वेगवेगळ्या झाल्या आणि नंतर कुण्या व्यापाऱ्याने किंवा हौशी माणसाने जोडी लावली. त्यात फसवणूक नाही. फसवणूक झाली असती तर बटावर १९४५ च्या दुर्बिणीचा नंबर नवाकोरा, सरळ रेषेत ठोकलेला मिळाला असता. मला अशी ‘सगळे नंबर जुळणारी’ रायफल दाखवली की आधी शंका येते. पंच नवा असला की अक्षराची कड उभी राहते, बोटाला टोचते. सत्तर-ऐंशी वर्षं तेल, घाम आणि चिंध्यांनी पुसलेली कड टोचत नाही. बटावर हलकं बोट फिरवून पाहा. दोन्ही नंबरांचा स्पर्श सारखाच गुळगुळीत लागला पाहिजे.

जाताजाता एक गंमत : तुमची दुर्बीण तुमच्याच गावची आहे. ‘ए.के. अँड एस.’ म्हणजे ए. कर्शॉ अँड सन्स, लीड्स. ही ‘नंबर ३२’ दुर्बीण मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली होती, रायफलवर ती नंतर आली. तीनपट मोठं दाखवते, जास्त नाही. मार्क वनवर ओ.एस. ४६६ ए, मार्क टूवर १६५० ए, मार्क थ्रीवर २०३९ ए. जुन्या मार्क वन सुधारून मार्क टू केल्या तेव्हा त्यांच्यावर ‘२/१’ असं आलं. हे पाहायचं अशासाठी की दुर्बीण स्वतःचा इतिहासही अंगावर बाळगते.

आता खऱ्याखोट्याची परीक्षा. आणखी चार जागी बघा आणि मला फोटो पाठवा.

एक, पॅडचे स्क्रू. पुढचा पॅड स्क्रू आणि सोल्डर दोन्हींनी धरलेला असतो. स्क्रू फिरू नये म्हणून त्याच्या कडेला टोचून धातू दाबलेला असतो. खाच चिरलेली, डोकं चावलेलं, आजूबाजूला नवा काळा रंग असं दिसलं तर पॅड मागाहून लावलाय. मी आर्मररीत उमेदवार होतो तेव्हा आमचे उस्ताद हत्यार हातात आलं की नळीत डोकावायचे नाहीत, पहिलं स्क्रूंच्या खाचा बघायचे. ‘पेचकस कुणी लावला ते आधी बघ,’ म्हणायचे. थ्री नॉट थ्रीच्या, म्हणजे तुमच्यासारख्या .३०३ रायफलच्या, बाबतीत हे आजही खरं आहे.

दोन, मागची साइट. साध्या नंबर चारच्या मागच्या साइटला जवळच्या पल्ल्यासाठी एक मोठं भोक असलेली पट्टी असते. दुर्बिणीच्या रायफलवर ती पट्टी घासून काढलेली असते, नाहीतर साइट खाली पाडताना दुर्बिणीला आडवी येते. खोट्या रायफलीत ही पट्टी हमखास तशीच राहून जाते, कारण बनवणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

तीन, मॅगझिनच्या पुढे, खटक्याच्या संरक्षक पट्टीला, पट्ट्याची एक जादा कडी असते. स्नायपर पट्टा हाताला गुंडाळून नेम धरत, त्यासाठी.

चार, नळीवर आणि बॉडीवर इंग्लंडच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे विक्रीआधी बंदुकीची नळी तपासणाऱ्या संस्थेचे, व्यापारी ठसे. ‘.३०३, २.२२२ इंच, १८.५ टन’ (नळीचं माप, कवचाची लांबी, दाब) अशी बारीक ओळ दिसली तर रायफल सैन्यातून बाहेर पडून रीतसर बाजारात विकली गेली. नुसतं ‘इंग्लंड’ असं एक शब्दाचं छाप दिसलं तर ती कधीतरी अमेरिकेत जाऊन आलेली असण्याचा संभव आहे. परदेशी मालावर देशाचं नाव लागायचं.

राहता राहिली नॉर्मंडी. बॉडीवर साल १९४४ आहे, महिना नाही. शर्लीतून निघून हॉलंडकडे, तिथून चाचणी, तिथून डेपो, तिथून पलटण, एवढा प्रवास जून १९४४ च्या आत झाला असेलही, नसेलही. विकणाऱ्याने हे सांगताना पुरावा काय दिला? तोंडीच असेल, तर त्या वाक्याची किंमत शून्य धरा. रायफलचे नंबर पलटणीच्या डायरीत सहसा लिहीत नसत. लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पलटणींच्या युद्धडायऱ्या आहेत, वाचाव्या अशाच आहेत, पण त्यात ‘आज अमुक नंबरच्या रायफलने’ असं काही सापडत नाही. हत्याराची वंशावळ कारखान्यापासून दुकानापर्यंत लागते, माणसापर्यंत क्वचित. एखाद्या स्नायपरने स्वतःच्या वहीत नंबर लिहून ठेवला आणि ती वही घरच्यांनी टाकली नाही, तरच. असं कुणी सापडलं तर आनंदच आहे.

आणि हो, लीड्समध्येच रॉयल आर्मरीज संग्रहालय आहे. पूर्वी एनफिल्डला आणि मग नॉटिंगहॅमला असलेला सरकारचा नमुना-संग्रह, ज्याला पॅटर्न रूम म्हणत, तो २००५ मध्ये तिथे आला. खरी ‘टी’ रायफल नीट बघायची असेल तर विमान पकडायची गरज नाही, तुमच्या दारातच आहे. भेटीची वेळ मागून घ्या.

फक्त एक करू नका. बटावरचा नंबर जुळावा म्हणून त्या १९४५ च्या दुर्बिणीचा नंबर ठोकून घेऊ नका. तसा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल, ‘किंमत वाढेल’ म्हणून.

—

प्रश्न : हॉलंड अँड हॉलंड म्हणजे राजेमहाराजांना शिकारीच्या बंदुका पुरवणारी कंपनी, असं वाचलंय. सरकारकडे एनफिल्डसारखे एवढे मोठे कारखाने असताना युद्धातलं इतकं महत्त्वाचं काम अशा खासगी दुकानाकडे का दिलं? — एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : कारण हे काम मशीनचं नव्हतं, कानशीचं होतं.

साधी रायफल बनवताना शेकडो भाग वेगवेगळ्या यंत्रांवर निघतात आणि एकत्र बसतात. एक-दोन केसांचा फरक चालतो. दुर्बीण बसवताना चालत नाही. दोन पॅडच्या वरच्या पाठी नळीच्या अक्षाशी समांतर हव्यात. बाजूला अर्धा केस सरकला की दुर्बिणीवरची नेम जुळवायची तबकडी फिरवून फिरवून शेवटाला टेकते, तरी नेम आडवा येतो. मग माणूस पॅडवर काळं लावतो, ब्रॅकेट टेकवतो, काढतो, जिथे ठिपका उमटला तिथे कानस मारतो. पुन्हा काळं, पुन्हा टेकवणं. हे हात कुठे होते? शिकारीच्या दोन नळ्यांच्या बंदुका बनवणाऱ्यांकडे. दोन नळ्यांची बंदूक शेजारी शेजारी नेमात आणायला हेच कसब लागतं.

शिवाय युद्धात शिकारीची बंदूक कोण घेणार? कारागीर रिकामे, कारखाना लंडनच्या हॅरो रोडला उभा. १८३५ पासूनची पेढी. पहिल्या काही रायफली एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातच तयार झाल्या, मग १९४२ पासून काम हॉलंडकडे गेलं आणि युद्ध संपेपर्यंत त्यांनी वीस हजारांहून जास्त रायफली दुर्बिणीवर आणल्या. एवढ्या रायफली हाताने. मला कुणी विचारलं तर या काळातल्या ब्रिटिश कारागिरीचा खरा नमुना ही ‘टी’ रायफल आहे, कुण्या लॉर्डसाठी चांदीचं नक्षीकाम केलेली बंदूक नव्हे.

पहिल्या महायुद्धात मात्र चित्र वेगळं होतं, आणि वंशावळ शोधणाऱ्याला ते जास्त छळतं.

१९१४ मध्ये ब्रिटिश सैन्याकडे दुर्बिणीची रायफल जवळजवळ नव्हतीच. समोर जर्मन खंदकातून नेमकी डोक्यात गोळी यायला लागली तेव्हा धावपळ झाली. ब्रिटिशांनी शिकाऱ्यांकडच्या जाडजूड गोळीच्या रायफली मिळवल्या. जर्मन नेमबाज पोलादी पत्र्यामागून गोळी झाडत, तो पत्रा साध्या .३०३ ने फुटत नसे, जेफरीच्या .३३३ ने फुटे. पण हा तात्पुरता इलाज. कायमचा म्हणून सरकारने हातातली एनफिल्ड रायफल आणि दुर्बिणी लंडन-बर्मिंगहॅमच्या अनेक बंदूकवाल्यांना वाटून दिल्या : पर्डी, हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स, रिग्बी, जेफरी, चर्चिल आणि असे कितीतरी. दुर्बिणी ऑल्डिसच्या, पेरिस्कोपिक प्रिझम कंपनीच्या, अमेरिकन विंचेस्टरच्या. बंदूकवाल्यांना काम मिळालं, पण प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने ब्रॅकेट बसवलं. एका दुकानाचा खाचेचा कोन वेगळा, दुसऱ्याची स्क्रूची जागा वेगळी.

एक गोष्ट मात्र बहुतेक सगळ्यांची सारखी, आणि तीच चुकीची. दुर्बीण रायफलच्या मधोमध नाही, डाव्या बाजूला सरकवलेली. कारण सैन्याला पाच काडतुसांची क्लिप वरून खाली दाबून भरायची सोय सोडायची नव्हती. स्नायपर एकेक गोळी मोजून झाडतो, त्याला झटपट क्लिप कशाला? पण फायलीत नियम होता. मग नेमबाजाला गाल बटावरून उचलून मान वाकडी करून बघावं लागायचं.

हेस्केथ-प्रिचर्ड नावाचा एक माणूस होता. मोठ्या शिकारी करणारा, आणि युद्धाआधी हॅम्पशायर काउंटीकडून वेगवान गोलंदाजी करणारा. क्रिकेटच्या वेडापायी मी त्याच्यावर जरा जास्तच वाचलं. त्याने फ्रान्समध्ये पलटणी-पलटणींत फिरून दुर्बिणीच्या रायफली तपासल्या आणि कित्येकींचा नेम पार चुकलेला सापडला. माणूस वाईट नव्हता, दुर्बीण ढिली होती. कुणी तिला धरून रायफल उचलत असे. पुढे १९१६ मध्ये लिंगहेमला त्याने स्नायपरची शाळा काढली, आणि त्या शाळेत रायफल सांभाळायला आधी शिकवलं गेलं.

पहिल्या युद्धात दहा दुकानं, दहा पद्धती. म्हणून ब्रॅकेट बघूनच कुठल्या दुकानाचं काम आहे हे जाणकाराला कळतं. कधी दुकानाचं नावही त्यावर मिळतं. नक्कल करणाऱ्याला दहा दुकानांचा हात शिकावा लागतो. दुसऱ्या युद्धात मात्र एकच दुकान, एकच नमुना. हजारो रायफली सारख्याच. त्यामुळे ‘एस ५१’चा एक पंच बनवला की नक्कल झाली. सरकारला हवी होती ती शिस्त आज खोट्या रायफली बनवणाऱ्याच्या कामी येते. जुन्या ढिसाळ व्यवस्थेने पुरावे जास्त ठेवलेत, हे मला थोडं चमत्कारिक वाटतं, पण आहे तसं आहे.

—

प्रश्न : मी स्टुटगार्टला मोटारींच्या क्षेत्रात काम करतो. इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एक पितळी पट्टी मिळाली. तिच्यावर काडतुसाचं चित्र आहे आणि जर्मनमध्ये ‘फक्त ८८ च्या काडतुसासाठी, एस दारूगोळा वापरू नये’ अशा अर्थाचं लिहिलंय. विक्रेता म्हणाला, कारखान्यातली सुरक्षेची पाटी. पटलं नाही. — एक वाचक, स्टुटगार्ट

उत्तर : न पटलं ते बरं झालं. अशी पट्टी रायफलच्या बटावर असे, आणि ती रायफल सैन्याची नव्हती, शिकाऱ्याची होती.

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला जर्मनांना दुर्बिणीच्या रायफली हव्या होत्या आणि त्या घरोघरी भिंतीवर टांगलेल्या होत्या. जर्मनीत रानडुक्कर-हरणांच्या शिकारीला दुर्बीण वापरायची पद्धत आधीपासून होती. रातिबोरच्या ड्यूकने पुढाकार घेऊन शिकाऱ्यांकडून अशा रायफली गोळा केल्या, आणि सरकारनेही सूल (बंदुकांसाठी प्रसिद्ध जर्मन गाव) आणि इतर ठिकाणच्या खासगी बंदूकवाल्यांकडून घेतल्या. आता अडचण. या शिकारी रायफली जुन्या १८८८ च्या काडतुसासाठी होत्या, गोळी बोथट, साधारण ८.१ मिलिमीटर जाड. सैन्याचं नवं ‘एस’ काडतूस टोकदार गोळीचं, ८.२ मिलिमीटर. फरक जेमतेम एक दशांश मिलिमीटर, पण जुन्या अरुंद नळीत ते काडतूस झाडलं तर दाब धोक्याच्या पातळीवर जाणार. आणि दोन्हींची कवचं सारखीच, त्यामुळे खंदकातल्या घाईत चुकीचं काडतूस भरलं जाण्याची भीती. म्हणून काडतुसाच्या चित्राची पट्टी : ज्याला वाचता येत नाही, किंवा वाचायला वेळ नाही, त्याच्यासाठी.

तुमच्या बाजारातल्या माणसाला रायफलचा मालक कोण होता ते सांगता येणार नाही, पण पट्टीच्या मागचे स्क्रूचे छेद आणि वाकण पाहा. बटाच्या गोलाईवर बसवलेली असेल तर ती किंचित वाकलेली असते. सपाट असेल तर मागाहून बनवलेली नक्कल असण्याचीही शक्यता आहे, अशा नकला होतात.

खुद्द अशी रायफल पुढे कधी दिसलीच तर नळीवर मुकुटाखाली ‘बी’, ‘यू’, ‘जी’ अशी अक्षरं शोधा. ते नागरी प्रूफ हाउसचे ठसे. म्हणजे जन्म शिकारीसाठी, भरती नंतरची. सैन्याच्या कारखान्यात जन्मलेल्या रायफलवर हे ठसे नसतात. मग दुर्बीण गोएर्झ, झाइस, फॉइग्टलेंडर, कुणाचीही असो.

—

प्रश्न : आमच्या वाड्यात पणजोबांची दोन नळ्यांची हॉलंड अँड हॉलंड रायफल आहे, लायसन्सवर चढलेली. नळीवर कलकत्त्याच्या दुकानाचंही नाव आहे. एका गृहस्थाने सांगितलं की ही ‘पहिल्या महायुद्धातली स्नायपर’ आहे आणि मोठी रक्कम देऊ केली. — एक वाचक, कोल्हापूर परिसर

उत्तर : दोन नळ्यांची रायफल स्नायपरची नसते. ती वाघासाठी, गव्यासाठी, जवळच्या पल्ल्यावरच्या दोन झटपट गोळ्यांसाठी असते. या गृहस्थांना एकतर माहिती नाही, किंवा तुम्हाला नाही असं ते धरून चालले आहेत.

तुमच्या रायफलची खरी गोष्ट जास्त रंजक असावी. नळीवर लिहिलेली बोर, म्हणजे नळीचं माप, पाहा. ४७० किंवा ४६५ असेल तर ती बहुधा १९०७ च्या सुमाराची किंवा नंतरची, कारण त्या सुमाराला ब्रिटिश सरकारने ४५० बोरच्या रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी घातली. सरकारला भीती अशी की बंडखोर .५७७/४५० बोरच्या जुन्या लष्करी मार्टिनी रायफलींसाठी त्या गोळ्या मिळवतील. मग इंग्लंडच्या बंदूकवाल्यांनी आपली बोर थोडी बदलून नवी काडतुसं काढली. जोसेफ लँगने ४७०, हॉलंडने ५००/४६५.

कलकत्त्याच्या दुकानाचं नाव कोणतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. रॉड्डा असेल तर थोडी आठवण : १९१४ च्या ऑगस्टमध्ये क्रांतिकारकांनी याच दुकानाच्या मालातून पन्नास माउझर पिस्तुलं पळवली होती. दुकानाच्या रजिस्टरात प्रत्येक पिस्तुलाचा नंबर असल्यामुळे पुढे जिथे जिथे ती सापडली तिथे ओळख पटली. नंबरांची वही ही पोलिसांच्याच उपयोगाची नसते.

तुमच्या रायफलचीही अशी नोंद असू शकते. या जुन्या पेढ्यांनी आपल्या ग्राहकांच्या खातेवह्या जपल्या आहेत, आणि सीरियल नंबर कळवल्यास कधी, कुठल्या बोरमध्ये, कुणासाठी बनली हे कळवतात. मात्र पत्र लिहिताना लायसन्सचा तपशील उघड्यावर टाकू नका. नळीवरचे ठसे, नंबर पॉलिश करून घेऊ नका. शस्त्र कायद्यात ओळखीचे ठसे पुसणं गुन्हा आहे. विकायची असेल तर लायसन्स असलेल्या विक्रेत्यामार्फतच विका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे वाड्यात आणखी काही असेल तर तेही तपासा.

—

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी काडतुसाचं रिकामं कवच मिळालं. तळाला ‘के’, मध्ये बाण, मग ‘एफ’, खाली ४३ आणि रोमन सात. हे कुठल्या स्नायपरचं? — एक वाचक, पुणे

उत्तर : स्नायपरचं म्हणता येणार नाही, पण ‘के’ आणि ‘एफ’ म्हणजे किर्की फॅक्टरी, म्हणजे आपली खडकी. १८६९ पासूनचा दारूगोळ्याचा कारखाना. बाण सरकारी मालाचा. ४३ म्हणजे १९४३. रोमन सात म्हणजे .३०३ चं सातवं मार्क, टोकदार गोळीचं. लीड्सच्या वाचकांच्या रायफलीत अगदी हेच माप बसतं.

रिकामं कवच ठेवायला हरकत नाही. मात्र तळाच्या मधोमध टोपीवर खड्डा पडलेला आहे ना, हे पाहा. पडलेला नसेल, आणि वर गोळी शाबूत असेल, तर ते काडतूस आहे, कवच नाही. ते फुलदाणीत न ठेवता जवळच्या पोलीस ठाण्यात द्या, आणि देताना पावती मागा.